‘मला परत जायचे नाही’ म्हणणाऱ्या हुशार मुलीच्या आईस

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीला दहावीला ९७ टक्के आणि बारावीला ९१ टक्के गुण होते, सीईटीत ९८ पर्सेंटाइलच्या वर ती गेली आणि पुण्यातील एका नावाजलेल्या खासगी महाविद्यालयात तिला संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात ती सर्व विषयांत उत्तीर्ण झाली असून ग्रेडही चांगल्या आहेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, त्यातला अक्षता सोहळा पाहायला म्हणून ती घरी आली आणि परत गेलीच नाही. ‘मला तिथे शिकायचे नाही, मला गणित शिकायचे आहे’ यापलीकडे ती काही सांगत नाही. वडील तिच्याशी जेवणापुरते बोलतात, आणि मामांचे म्हणणे असे की निदान हे वर्ष तरी पूर्ण करावे. ताईंचा प्रश्न आहे की तिला समजावून परत पाठवावे की तिचे नाव काढून घ्यावे.

मी सोलापुरात सव्वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर प्रवेश व शाखाबदल यांविषयी मुलांशी आणि पालकांशी बसून बोलण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, ताई, की परत पाठवणे किंवा काढून घेणे हा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेलच, परंतु तो आजचा प्रश्न नाही. आजचा प्रश्न असा आहे की तिथे नेमके काय जुळले नाही, हे अजून तुम्हाला ठाऊक नाही आणि बहुधा तिलाही ते नीट मांडता येत नाही. हे कळल्याशिवाय घेतलेला कोणताही निर्णय, तो तिच्या मनासारखा असला तरी, अंदाजाने घेतलेला असेल.

‘ग्रेड चांगल्या आहेत, मग अडचण कसली?’ हा प्रश्न तुमच्या घरात अनेकदा विचारला गेला असणार. मीही अनेक वर्षे तो विचारत असे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला शाखा मानवली नाही तर ते गुणपत्रिकेवर दिसते. एखादा विषय राहतो, एटीकेटी लागते आणि घरच्यांना वेळीच सावध होता येते. दहा-बारा वर्षे पहिल्या पाचांत राहिलेल्या मुलीचे तसे होत नाही, कारण न आवडणाऱ्या विषयातही गुण कसे मिळवायचे हे तिला पक्के ठाऊक असते. मागील प्रश्नपत्रिका पाहणे, परीक्षेच्या आदल्या तीन रात्री जागणे आणि प्रॅक्टिकलची फाईल नेटकी ठेवणे हे तिच्या हाताच्या सवयीचे झालेले असते. त्यामुळे तिचे गुण आवडीचा पुरावा ठरत नाहीत आणि शाखा जुळल्याचाही नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, चांगले गुण असताना ती परत जायला नकार देते आहे म्हणजे अपयशाच्या भीतीने पळ काढते आहे, हा आरोपही टिकत नाही. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या माहितीत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

महाविद्यालय जुळले नाही असे मूल म्हणते तेव्हा त्यामागे फार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. विषय चुकलेला असतो, किंवा विषय बरोबर असून शिकवण्याची पद्धत नकोशी असते, किंवा दोन्ही ठीक असून राहण्याची व्यवस्था माणसाला पोखरत असते. बार्शीकडची एक मुलगी असेच पहिल्या वर्षी घरी परतली होती आणि ‘इंजिनिअरिंग माझे नाही’ असे ठामपणे सांगत होती. तिच्याशी दोन तास बोलल्यावर समजले की वसतिगृहातील तिची खोली पाण्याच्या मोटारीला लागून होती, पहाटे चारला मोटार सुरू झाली की तिची झोप उडे, मेसचे जेवण तिला पचत नव्हते आणि खोलीतील दोघींची आधीपासूनची मैत्री असल्याने ही तिसरी एकटी पडली होती. चार महिन्यांच्या अपुऱ्या झोपेला ती शाखेची नावड समजत होती. तिच्या पालकांनी वर्गातील दोन मुलींबरोबर तिची बाहेर खोली करून दिली आणि तिने त्याच महाविद्यालयातून पदवी घेतली. म्हणून मुलीने सांगितलेले कारण खोटे मानू नये, परंतु तेच एकमेव आहे असेही लगेच धरू नये.

ते शोधण्यासाठी मी वापरतो तो मार्ग साधा आहे. ‘तुला काय आवडत नाही?’ किंवा ‘पुढे काय करायचे आहे?’ असे मी विचारत नाही, कारण या प्रश्नांना हुशार मुले तयार उत्तरे देतात. मी एखाद्या साध्या मंगळवारचा हिशोब मागतो. किती वाजता उठलीस, पहिले लेक्चर कशाचे होते, तेव्हा वहीत काय लिहिलेस, डबा कोणाबरोबर खाल्लास, दुपारी लॅबमध्ये काय केलेस, संध्याकाळी खोलीवर आल्यावर पहिली गोष्ट कोणती केलीस. मूल हळूहळू बोलू लागते आणि कोणत्या तासाला त्याचा आवाज बदलतो हे ऐकणाऱ्याला कळते. तिच्या वह्या घरी आल्या असतील तर त्याही, तिची परवानगी घेऊन, एकदा पाहा. कोणत्या वहीत फक्त फळ्यावरचे उतरवून घेतले आहे आणि कोणत्या वहीच्या समासात तिने स्वतःचे काही करून पाहिले आहे, हे दिसते. मी पाहिलेल्या एका वहीत प्रोग्रॅमिंगची सर्व पाने छापल्यासारखी स्वच्छ होती आणि मॅथ्सच्या वहीची शेवटची आठ पाने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या खाडाखोडीने भरलेली होती. त्या आठ पानांनी मला तासाभराच्या बोलण्यापेक्षा अधिक सांगितले.

तुमची मुलगी गणिताचे नाव घेते आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडे गणित चांगले असणाऱ्या मुलाला जवळजवळ आपोआप संगणक अभियांत्रिकीकडे पाठवले जाते आणि ‘यात गणितच तर आहे’ असे सांगितले जाते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गणित असते हे खरे, पण ते हत्यार म्हणून शिकवले जाते. मॅट्रिक्सचा रँक कसा काढायचा हे शिकवतात. रँक ही कल्पना मुळात कशासाठी आहे यावर थांबायला वेळ नसतो. ज्या मुलीला बारावीपर्यंत ‘हे असेच का?’ या प्रश्नात गोडी वाटत होती, तिला पद्धत पाठ करून उत्तर काढण्याचे ते तास रुक्ष वाटणे स्वाभाविक आहे. यात अभियांत्रिकीचा दोष नाही, तिचे ते कामच आहे.

मात्र उलट शक्यताही तितकीच खरी आहे. बारावीत ज्याला गणित म्हणतात आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ज्याला गणित म्हणतात, त्या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. बारावीत उत्तर काढायचे असते, पुढे सिद्धता द्यायची असते. गणितात शंभरपैकी शंभर मिळवण्याचा आनंद आणि गणिताचा आनंद या दोन गोष्टी एकच असतील असे नाही. म्हणून गणिताकडे जायचे म्हणणाऱ्या मुलांना मी एक लहानसे काम देतो; ते मी आमच्या गणित विभागातील एका सहकाऱ्याकडून शिकलो. मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता मुलाला वाचायला द्यायची. ती अर्ध्या पानाची आहे आणि दहावीच्या मुलालाही समजते. ती समजली की विचारायचे की ४ ने भागल्यावर ३ बाकी उरते अशा मूळ संख्या, म्हणजे ३, ७, ११, १९, २३ वगैरे, यादेखील अनंत आहेत हे दाखवता येईल का. युक्लिडचीच युक्ती थोडी वाकवून हे करता येते, पण नेमकी कुठे वाकवायची हे सुचायला वेळ लागतो. उत्तर इंटरनेटवर शोधायचे नाही एवढी अट घालायची आणि दोन दिवस मुलाला एकटे सोडायचे.

ते सुटले की नाही याला महत्त्व नाही. दोन दिवसांनी मूल कसे येते ते पाहायचे. एक मुलगा दुसऱ्याच संध्याकाळी प्रांजळपणे म्हणाला की, ‘सर, ज्याचे उत्तर मागच्या पानावर असते ते गणित मला आवडते.’ त्याला खरे तर चढाओढ आवडत होती, आणि त्यात काही वाईट नाही. तो अभियांत्रिकीतच राहिला, फक्त महाविद्यालय बदलले. दुसरी एक मुलगी तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात उभी होती. तिची सिद्धता चुकीची होती, आणि ती का चुकीची आहे हे तिला स्वतःलाच रात्री दोन वाजता सापडले होते. अशा मुलीला गणितापासून दूर ठेवणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे मी तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितले.

तुमच्या मुलीने हे करून पाहिल्यानंतर, शहरातील एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकांच्या परवानगीने तिला आठवडाभर बी.एस्सी.च्या गणिताच्या किंवा संख्याशास्त्राच्या वर्गात मागे बसू द्यावे. वालचंद, संगमेश्वर, दयानंद अशा जुन्या महाविद्यालयांत शिकलेले कोणी ना कोणी प्रत्येक सोलापूरकराच्या ओळखीचे असते, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे. आपण कशापासून दूर जात आहोत हे तिला ठाऊक आहे. कशाकडे जात आहोत ते तिने डोळ्यांनी पाहिलेले नाही. एका ठिकाणाहून निघण्याच्या घाईत निवडलेली दुसरी शाखा पहिल्यापेक्षा चांगली असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

येथे एक गोष्ट मध्येच परंतु ठामपणे सांगितली पाहिजे. वर लिहिलेले सर्व काही मुलगी मनाने सावरलेली आहे असे गृहीत धरून आहे. ती नीट झोपत नसेल, जेवण टाळत असेल, अंघोळीचा किंवा मैत्रिणींच्या फोनचाही कंटाळा करत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून तिचे मन उडाले असेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर गणित आणि अभियांत्रिकी दोन्ही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे एक वाक्यही तिच्या तोंडून आले, तर दोन आठवडे नव्हे, दोन तासही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तसेच रॅगिंग, छेडछाड किंवा कोणाचा त्रास झाला होता का, हे तुम्ही किंवा तिच्या मावशीने, वडील आणि मामा समोर नसताना, एकदा शांतपणे विचारावे. तसे काही असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. ती तक्रार स्वतंत्रपणे करावी. मुलगी तिथे शिकणार नाही म्हणून ती सोडून देऊ नये.

आता मामांच्या सल्ल्याकडे येतो. ‘निदान वर्ष तरी पूर्ण कर’ हे वाक्य मीही एकदा उच्चारले आहे आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही. शहराच्या पूर्व भागातील एक मुलगा होता. घरी तेलुगू बोलणारे विणकर कुटुंब, वडिलांचे टॉवेलचे चार पॉवरलूम. बाहेरगावच्या महाविद्यालयातून तो पहिल्या वर्षाच्या मध्यावर परतला, तेव्हा मी त्याला विचारले की अभ्यास झेपतो का, आणि तो म्हणाला की झेपतो. मग मी म्हणालो, एवढे वर्ष काढ, पुढचे पुढे पाहू. झेपण्याचा प्रश्न कधी नव्हताच, पण मी तोच विचारला. तो आज्ञाधारकपणे परत गेला, पहिले वर्ष काढले, दुसऱ्या वर्षी वर्गात जाणे सोडले आणि घरी दीड वर्ष खोटे निकाल सांगत राहिला. चार वर्षांची पदवी साडेसहा वर्षांत झाली. हे मला त्याच्या बहिणीकडून समजले; तो स्वतः माझ्याकडे पुन्हा आला नाही.

तरीही मामांचा सल्ला सरसकट चुकीचा नाही. तो कशावर अवलंबून आहे ते पाहावे लागते. विषय बरोबर असून फक्त महाविद्यालय नकोसे असेल, तर वर्ष पूर्ण करण्यात अर्थ आहे. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष बऱ्याच अंशी सर्व शाखांना समान असते, आणि ते पार पडलेले असेल तर दुसऱ्या वर्षी अन्य महाविद्यालयात, अगदी सोलापुरातही, जागा रिकामी असल्यास आणि नियमांत बसत असल्यास बदली मागता येते. विषयच नको असेल, तर दुसरे सत्र केवळ ‘सोडून आली’ हे शब्द टाळण्यासाठी असेल आणि त्या सत्राची किंमत तिच्या उमेदीतून वसूल होईल. मन ठीक नसेल तर वर्ष पूर्ण करण्याची भाषाही करू नये. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, मात्र मी तिच्याशी बोललेलो नाही, हे लक्षात ठेवावे.

मुलीला विचार करायला पाच-सहा आठवडे द्यावेत असे मी म्हणतो, पण कागदपत्रे आणि परीक्षांच्या तारखा तेवढे थांबत नाहीत. म्हणून ती कामे घरातील मोठ्या माणसाने, तिच्यामागे तगादा न लावता, आत्ताच हाती घ्यावीत, आणि माझ्या मते ती तिच्या वडिलांनी घ्यावीत. जेवणापुरते बोलणाऱ्या वडिलांना बोलण्यासाठी एक निमित्त मिळते, हा त्याचा वेगळा फायदा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे महाविद्यालयाला रजेचा अर्ज लगेच पाठवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. ७५ टक्के हजेरीची अट बहुतेक ठिकाणी असते. कळवून घेतलेली रजा आणि न सांगता झालेली गैरहजेरी यांत परत जायचे ठरल्यास मोठा फरक पडतो. तोपर्यंत नाव काढण्याचा अर्ज देऊ नये. पहिल्या सत्राची गुणपत्रिका मिळवावी आणि त्या सत्राची क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, तिच्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (असे श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या) खात्यात जमा झाली आहेत का ते पाहावे. नियमानुसार ही क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, परंतु नवीन अभ्यासक्रमात त्यांतील किती धरायची हे तेथील संस्था ठरवते. म्हणून त्यांच्यावर फार हिशोब बांधू नये.

पैशांच्या बाबतीत मन घट्ट करावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के आणि त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. त्यानंतर काहीच नाही. जानेवारीत त्या मुदती कधीच उलटून गेल्या आहेत. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळायला हवी. पुढील सर्व वर्षांचे शुल्क भरा तरच कागद देतो, असे कोणी म्हटले तर ते या अधिसूचनेत बसत नाही, आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकारही संस्थेला नाही. मागणी नेहमी लेखी करावी. काउंटरवर आवाज चढवून काही साधत नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर पुढचा हप्ता महाविद्यालयाकडे जाण्यापूर्वी बँकेच्या शाखेत कळवावे, आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून सवलत किंवा शिष्यवृत्ती घेतली असेल तर नवीन प्रवेशानंतर ती पुढे चालेल का, याची चौकशी अर्ज रद्द करण्याच्या आधी करावी.

सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. त्याआधी आमची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. पुण्याच्या विद्यापीठाकडून येथे यायचे तर महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याबरोबर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, लागते, आणि मध्ये खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. या दोन कागदांसाठी जुलैत धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

जानेवारीत परत येण्याचा एक फायदा असा की पुढच्या वर्षाच्या जवळजवळ सर्व वाटा अजून उघड्या आहेत. सोलापुरात किंवा पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायला तिचे बारावीचे गुण भरपूर आहेत. देशपातळीवर गणितासाठी कोलकाता आणि बंगळूर येथील भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि पुण्यातील आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसारख्या संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या असतात, म्हणून यंदाच्या माहितीपत्रिका आत्ताच पाहाव्यात. आयआयटीची प्रवेश परीक्षा जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षे देता येते, म्हणजे यंदाच बारावी झालेल्या तुमच्या मुलीसाठी येता उन्हाळा ही अखेरची संधी असेल. पण हे मी माहिती म्हणून सांगितले. ‘आता निदान आयआयटी तरी काढून दाखव’ अशा सुरात हे तिच्यापुढे ठेवले तर तिला एका जात्यातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखे होईल.

‘बी.एस्सी. करून पुढे काय?’ हा वडिलांचा प्रश्न असणार आणि तो रास्त आहे. आयआयटीत एम.एस्सी. करण्यासाठी जॅम ही परीक्षा असते, संख्याशास्त्रातून भारतीय सांख्यिकी सेवेची यूपीएससी परीक्षा देता येते, विमा क्षेत्रातील ॲक्चुअरीच्या, म्हणजे जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा आहेत, आणि महाविद्यालयातील अध्यापनासाठी नेट-सेट या पात्रता परीक्षा आहेतच. शिवाय बी.एस्सी. झाल्यावर तिला पुन्हा अभियांत्रिकीकडे वळावेसे वाटले, तर बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. दार कायमचे बंद होते ही भीती बरीचशी निराधार आहे, आणि हे वडिलांना आकड्यांनिशी, शांतपणे सांगितले तर त्यांचा निम्मा राग खर्च आणि मुदतींच्या काळजीचा होता असे दिसून येते. उरलेला निम्मा दुःखाचा असतो. दहावीच्या निकालानंतर गल्लीत फ्लेक्स लागलेला असतो, वर्तमानपत्रात पेढा भरवतानाचा फोटो आलेला असतो. फ्लेक्स महिन्याभरात उतरतो, पण आई-वडिलांच्या आणि मुलीच्याही डोक्यातून तो पुढे कित्येक वर्षे उतरत नाही. वडिलांना वाईट वाटते आहे हे त्यांनी मुलीला एकदा सरळ सांगितले तरी चालेल; अबोल्याचा अर्थ ती ‘मी नको झाले आहे’ असा लावत असते, आणि तो सत्यापेक्षा फार वाईट आहे.

घरातील दिवसाची घडी लहानच असावी, पण असावी. उठण्याची वेळ, दोन्ही वेळचे जेवण सर्वांबरोबर, आणि घराबाहेर जाण्याचे रोजचे एक कारण. हिराचंद नेमचंद वाचनालयात सकाळचे तीन तास बसणे हे पुष्कळ मुलांना मानवले आहे, कारण तिथे कोणी काही विचारत नाही. शेजारच्या दहावीतील मुलाला गणित शिकवायला सांगायचा मोह आवरावा. तिला आनंद वाटला तर ती स्वतः सुरू करील. आपण सांगितले तर ती स्वतःचे वर्ष वाया गेल्याची भरपाई करते आहे असे तिला वाटेल. तसेच घरातील सर्वांनी मिळून रोज तिच्याशी ‘त्या विषयावर’ बोलू नये. आठवड्यातील एक वार ठरवावा, म्हणजे इतर सहा दिवस तिला स्वयंपाकघरात निर्धास्तपणे येता येते.

नातेवाइकांना काय सांगायचे, असेही तुम्ही विचारले आहे. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका विचारणारच. तब्येतीचे खोटे कारण सांगू नका, कारण मग मुलीलाही ते खोटे वागवावे लागते. ‘ती ते कॉलेज सोडायचे ठरवते आहे, जूनमध्ये पुढचे कळेल’ एवढे, तिला आधी विचारून, तिच्या देखत सांगा आणि पुढच्या बाईला तिळगूळ द्या. मामांना मात्र थोडे अधिक सांगावे लागेल. ते काळजीपोटी बोलत आहेत आणि त्यांना वर्गातील मंगळवारचा हिशोब ऐकवला तर तेही ऐकतील.

अखेर सोडायचेच ठरले, तर तिचे सामान आणायला तिला बरोबर घेऊन जावे. बरेच वडील मुलीला त्रास नको म्हणून एकटेच सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जातात, खोली रिकामी करतात आणि रात्री बोचकी घेऊन परततात. त्यामुळे मुलगी त्या जागेतून चोरासारखी नाहीशी होते. तिला स्वतःची गादी गुंडाळू द्यावी, मैत्रिणींचा निरोप घेऊ द्यावा, वर्गशिक्षकांना भेटून ‘मी गणिताकडे जाते आहे’ हे तिच्या तोंडाने सांगू द्यावे. वडिलांनी त्या वेळी बाहेर कँटीनमध्ये चहा घेत बसावे. मी सांगितल्यावरून असे बसलेले एक वडील मला म्हणाले होते की, मुलगी तासाभराने आली तेव्हा तिच्या हातात मैत्रिणीने परत केलेली चादर होती, सोलापूरहून जाताना नेलेली, आणि परतीच्या गाडीत दौंडपर्यंत ती त्यांच्याशी एकसारखी बोलत होती.